दिव्यांग मुलाची भावंडं: इंदूरच्या मराठी पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

इंदूर आणि आसपासच्या मराठी घरांतून आमच्या पालक-गटाकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न आयांचे आहेत, काही बाबांचे, आणि अलीकडे आजी-आजोबाही विचारू लागले आहेत, याचा फार आनंद वाटतो. भावंड म्हणजे इथे साधारण तीन ते पंधरा वर्षांचं, स्वतःला दिव्यांगत्व नसलेलं मूल. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाच गोष्टीचा दुसरीकडे विस्तार असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमचा धाकटा अगदी समजूतदार आहे, काहीच मागत नाही. त्याच्यासाठी वेगळं काही करायची गरज आहे का?

आहे, आणि तो काहीच मागत नाही म्हणूनच आहे. मोठ्याची फिजिओथेरपी, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं यांवर ज्या घराचा दिवस बेतलेला असतो, तिथे लहान मूल फार लवकर ओळखतं की आपल्या मागण्यांना इथे जागा नाही. मग ते पोट दुखलं तरी सांगत नाही. शाळेतली भांडणं घरी आणत नाही. शंभरात पंच्याण्णव मिळाले तर गेलेल्या पाचांबद्दल कानकोंडं होतं. पाहुणे म्हणतात, "किती शहाणा आहे हो!" आणि त्याला कळतं की या घरात आपल्याला कशाबद्दल शाबासकी मिळते.

अशा घरात वाढणं म्हणजे नुकसानच, असं मात्र समजू नका. ही मुलं दुसऱ्याच्या मनातलं पटकन ओळखतात, वेगळेपणाला बिचकत नाहीत, आणि बऱ्याच जणांचा आपल्या दादावर किंवा ताईवर जीव असतो. तो जीवही खरा आणि आतली चीडही खरी (प्रश्न ४). दोन्ही बोलून दाखवायला घरात एक माणूस मिळावा, एवढं या मुलांना हवं असतं.

२. भावाबद्दल त्याला कधी आणि किती सांगायचं? विचारेल तेव्हा सांगावं का?

विचारण्याची वाट पाहू नका. मुलं कारणं मनातल्या मनात तयार करतात, आणि ती खऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक असतात.

तीन-चार वर्षांच्या मुलाला एखादं वाक्य पुरतं. "ताईला ऐकू येत नाही, म्हणून आपण तिच्याशी हातांनी बोलतो." "दादाच्या पायांना चालणं जड जातं, म्हणून त्याची ही खुर्ची." नावही याच वयात कानावर पडू द्या. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, ऑटिझम हे शब्द घरात मोठ्याने बोलले गेले की हा विषय कुजबुजण्याचा नाही, हे मुलाला कळतं.

पाच ते सात वर्षांच्या वयात सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. या वयात मुलांना वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून गोष्टी घडतात. "मी दादाला ढकललं होतं म्हणून त्याला फिट येते." "बाळ नको असं मी म्हटलं होतं, म्हणून ते असं झालं." हे ओझं मूल कोणापाशी उतरवत नाही, म्हणून तुम्हीच आपणहून सांगा: "तू काही केल्यामुळे, बोलल्यामुळे किंवा मनात आणल्यामुळे हे झालेलं नाही." एकदा सांगून भागत नाही. दर काही महिन्यांनी, सहज, भाजी निवडताना किंवा स्कूटरवर जाताना पुन्हा सांगावं लागतं.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना माहिती हवी असते. थेरपिस्ट तो चेंडू का देतात, ही गोळी कशासाठी, दादा तेच वाक्य दहादा का म्हणतो. एखाद्या दिवशी थेरपीला बरोबर न्या आणि प्रश्न थेट थेरपिस्टलाच विचारू द्या. चांगल्या थेरपिस्टना ते आवडतं. तेराच्या पुढे प्रश्न आनुवंशिकतेकडे आणि भविष्याकडे वळतात (प्रश्न ३ आणि १६).

दोन गोष्टी मात्र सांगू नका. एक, "मोठा झाल्यावर बरा होईल", जर ते खरं नसेल तर. दुसरी, खजराण्याच्या गणपतीला नवस जरूर बोला, पण "तू मनापासून प्रार्थना केलीस तर दादा चालायला लागेल" असं लेकराला म्हणू नका. दादा चालला नाही, तर आपलीच प्रार्थना कमी पडली असं ते धरून बसतं.

३. "मलाही असं होईल का?" असं मुलगी विचारते. काय सांगू?

आधी तिच्या मनात नेमकं काय आहे ते विचारा. सहा वर्षांच्या मुलीला बहुधा लागण होण्याची भीती असते: त्याच्या ताटात जेवले, त्याच्या शेजारी झोपले तर? याचं उत्तर सरळ आहे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाउन सिंड्रोम, फिट येणं हे सर्दीसारखं एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

मोठ्या मुलीचा प्रश्न आनुवंशिकतेचा असतो, आणि तिथे उत्तर निदानावर ठरतं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा पहिल्या काही वर्षांत वाढत्या मेंदूला झालेली इजा. भावंडाला ती पुढे होण्याचा प्रश्न नसतो. डाउन सिंड्रोममध्ये साधारण ९५ टक्के मुलांत २१ व्या क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्त असतं आणि ते आईवडिलांकडून वारशाने आलेलं नसतं. थोड्या मुलांत ट्रान्सलोकेशन (२१ व्या गुणसूत्राचा जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला) असतं, तिथे घरातल्यांची तपासणी लागू शकते. गुणसूत्रांच्या तपासणीच्या अहवालात हे लिहिलेलं असतं, जुनी फाइल काढून बघा. ऑटिझमचं थोडं वेगळं आहे. मोठ्या मुलाला ऑटिझम असेल तर नंतरच्या भावंडात तो आढळण्याचं प्रमाण सुमारे २० टक्के असल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. पण तो लहानपणापासूनच असतो. दहा वर्षांच्या मुलीला अचानक होत नाही, हे तिला सांगता येतं.

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणाऱ्या) आजारात बहीण स्वतः ठणठणीत असूनही वाहक असू शकते, म्हणजे सदोष जनुक तिच्याकडून पुढच्या पिढीत जाऊ शकतं. इथे पालक घाईने तिची जनुकीय तपासणी करायला निघतात. निरोगी अल्पवयीन मुलीची वाहक-तपासणी शक्यतो ती स्वतः समजून निर्णय घेऊ शकेल तोवर थांबवावी, असा वैद्यकीय संकेत आहे. जेनेटिक काउन्सेलरशी (आनुवंशिक आजारांच्या सल्लागाराशी) बोलून मगच ठरवा.

४. परवा लेक म्हणाली, "हा नसता तर किती बरं झालं असतं." मी सुन्न झाले. रागवायला हवं होतं का?

नाही. तिने ते तुमच्यासमोर बोलून दाखवलं, म्हणजे तुमच्यावर तिचा भरवसा आहे. अशा वेळी आपल्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "असं बोलू नये, पाप लागतं." ते ओठांवरच थांबवा. त्याऐवजी म्हणा, "आज फारच त्रास झाला ना तुला? काय झालं ते सांग." बहुतेक वेळा मागे एखादी अगदी ठरावीक गोष्ट असते: वही फाडली, सहल रद्द झाली, वाढदिवशी आई दवाखान्यात होती. त्या गोष्टीचं काय करता येईल ते बोला.

भावनेला मोकळीक द्या, मारण्याला आणि भावाला तोंडावर टोचून बोलण्याला नको. आणि हवं तर तुमचंही सांगा: "मलाही कधी कधी खूप कंटाळा येतो." पण तुमचं सगळं दुःख तिच्यापाशी रितं करू नका. त्यासाठी बहीण, मैत्रीण, समुपदेशक, कोणीतरी मोठं माणूस शोधा.

५. माझा दिवस मोठ्यातच जातो. धाकटीला वेळ कुठून आणू?

मोठा वेळ शोधू नका, ठरलेला वेळ शोधा. रोज पंधरा मिनिटं किंवा आठवड्यातून एक तास, पण तिला आधीपासून माहीत असलेला, आणि मोबाइल बाजूला ठेवून. काय करायचं ते ती ठरवेल. "आज दादाला बरं नाही म्हणून उद्या" असं झालंच, तर तो "उद्या" तिच्यासमोर कॅलेंडरवर लिहा आणि पाळा.

इंदुरात याला पैसे लागतातच असं नाही. रविवारी सकाळी बाबांबरोबर पोहे-जिलेबी खाऊन येणं, महिन्यातून एकदा रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत दोघींनीच जाणं, कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात तिला हवा तेवढा वेळ वाघापुढे उभं राहू देणं. त्या वेळात दादाचा विषय तुम्ही काढू नका.

थेरपी सेंटरच्या बाकावर बसून काढलेले तास हा तिचा वेळ धरू नका. तिथे नेण्यावाचून पर्याय नसेल तर तिची वेगळी पिशवी करा: चित्रकलेची वही, गोष्टीचं पुस्तक, खाऊ. आणि कधी तिला काकूकडे किंवा मैत्रिणीकडे राहू द्या. प्रत्येक खेपेला सगळ्या घराने जायची गरज नसते. बाबा कामावरून उशिरा येत असतील तरी रात्री झोपवण्याचं काम त्यांचं, एवढं ठरवून बघा. अनेक घरांत एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

६. सासूबाई नातवाला सारखं म्हणतात, "आमच्यानंतर ताईचं तुलाच बघायचंय." मी काय बोलू?

त्या वाईट हेतूने म्हणत नाहीत. त्यांना स्वतःलाच भीती वाटते, आणि ती नातवाशी बोलताना बाहेर पडते. पण सात वर्षांच्या मुलाला "नंतर" म्हणजे काय कळतं? आजी-आई-बाबा मरणार आणि मी एकटा उरणार. काही मुलांची झोप यावरून उडते.

सासूबाईंशी मुलासमोर नको, एकटीने बोला, आणि नवऱ्याने बोललं तर अधिक बरं. "आई, ताईच्या पुढच्या सोयीचं आम्ही बघतोय, कागदपत्रं करतोय. त्याला आत्ता फक्त भाऊ राहू द्या." मग प्रश्न १६ मधली कागदपत्रं खरंच करायला घ्या, म्हणजे त्यांनाही धीर येईल. आजीला करण्यासारखं दुसरं काहीतरी द्या. शाळेतून आल्यावर नातवाचं ऐकून घेणारी आजी असणं ही या घरांतली फार मोठी गोष्ट आहे.

मुलाला तुम्ही सांगा, "ताईची काळजी घेणं हे आमचं काम आहे. तू मोठा झाल्यावर काय करायचं ते तू ठरवशील." भाऊबीजेला, राखीला "आयुष्यभर सांभाळीन" अशा शपथा त्याच्याकडून वदवून घेऊ नका. ओवाळणी घालू दे, एकमेकांना लाडू भरवू दे, तेवढा सण पुष्कळ झाला.

७. भावंडाला कामं सांगायची की नाही? मदत तर सगळ्याच घरांत मुलं करतात.

जरूर सांगा. पाणी आणून देणं, चपला घालायला मदत करणं, दोघांनी मिळून खेळणी आवरणं यात काही वावगं नाही. वाईट वाटून भावंडाला सगळ्यातून वगळलं तर ते घरातलं पाहुणं होतं. दिव्यांग मुलालाही त्याला जमेल ते काम द्या, "सगळं मीच का करायचं?" या तक्रारीचं खरं उत्तर तेच आहे.

पण औषधाचा डोस देणं, शी-शूची स्वच्छता, रात्री उठणं, एकट्याने घरी सांभाळणं, रडणं थांबवणं ही कामं मुलांची नाहीत. तुमच्या मुलाचं खेळणं, अभ्यास किंवा झोप एखाद्या कामाने नियमित बुडत असेल, तर ती मदत राहिलेली नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आपल्या घरांत हे ओझं मुलींवर जास्त पडतं. भाऊ क्रिकेटला जातो आणि नऊ वर्षांची बहीण दादाला भरवत बसते, आणि कोणाला त्यात काही खटकत नाही. घरातली कामं कोण करतं याची एक आठवडा कागदावर नोंद करा आणि मुलाचं-मुलीचं वेगळं मोजा.

८. मोठा ऑटिस्टिक आहे, चिडला की धाकटीला चावतो, केस ओढतो. "त्याला कळत नाही, तू समजून घे" असं आम्ही सांगतो. चालेल ना?

त्याला मुद्दाम त्रास द्यायचा नसतो, हे तिला सांगणं बरोबर आहे. पण "समजून घे" याचा अर्थ "मार खा" असा होता कामा नये. तिच्या शरीराची सुरक्षितता ही तिची नव्हे, तुमची जबाबदारी.

आधी तिच्याकडे धावा. त्याला शांत करायला दुसरं मोठं माणूस असेल तर ते जाईल. एकटेच असाल तर तिला दुसऱ्या खोलीत पोचवून मग त्याच्याकडे वळा. तिला एक पक्की जागा द्या जिथे जाऊन ती आतून कडी लावू शकेल, आणि एक कुलपाचं कपाट, ज्यातल्या वस्तूंना तो हात लावणार नाही. घर दोन खोल्यांचं असेल तर शेजारच्या काकूंशी बोलून ठेवा की ती केव्हाही येऊ शकेल. तो चिडण्याआधी काय दिसतं (कान झाकणं, येरझाऱ्या, ठरावीक आवाज) ते तिला ओळखायला शिकवा, म्हणजे ती वेळेत बाजूला होईल. थांबवायला मध्ये पडायचं नाही, हे बजावून सांगा.

मारण्यामागे बहुधा काहीतरी सांगायचं असतं: आवाज असह्य झाला, दुखतंय, हवं ते मागता येत नाही. दिवस, वेळ आणि आधी काय घडलं ते लिहून ठेवा आणि ती नोंद स्पेशल एज्युकेटर किंवा बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जखमा होत असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

९. फिट येते तेव्हा घरी फक्त धाकटा असला तर त्याने काय करायचं?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे शिकवता येतं, आणि शिकवलं की त्याची भीती कमी होते. घड्याळ बघ. मोठ्या माणसाला हाक मार किंवा फोन कर. आसपासच्या टणक, धारदार वस्तू सरकव, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेव. जमलं तर दादाला एका कुशीवर वळव. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचाही नाही, पाणीही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. शेजारी सांगतील, तरी नाही. पाच मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा श्वास नीट वाटेना, तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

हे फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा आणि शांत दिवशी एकदा खेळासारखं करून बघा. त्याहून लहान मुलाला एकच काम: धावत जाऊन मोठ्यांना बोलाव.

आणि फिट थांबल्यावर कोणीतरी त्या भावंडालाही जवळ घ्या. त्यानेही सगळं पाहिलेलं असतं. फिट येणाऱ्या मुलाबरोबर लहान भावंडाला एकटं ठेवणं ही अपवादाची वेळ असावी, सोय नव्हे.

१०. शाळेत मुलं चिडवतात, "तेरा भाई पागल है." तो आता शाळेत जायलाच नको म्हणतो.

आपली मुलं घरात मराठी आणि शाळेत, गल्लीत हिंदी बोलतात, म्हणून उत्तर हिंदीतच तयार ठेवावं लागतं. छोटं, न चिडता म्हणता येईल असं: "वो ऑटिस्टिक है. उसे शोर से तकलीफ़ होती है, बस." किंवा "मेरी बहन इशारों से बात करती है, तुझे सिखाऊँ?" घरी तुम्ही चिडवणारा मुलगा व्हा आणि त्याला सराव करू द्या. काहीही न बोलता निघून जाणं हेही उत्तर आहे. प्रत्येक वेळी भावाची बाजू लढवायला तो बांधलेला नाही.

वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. मुलाची हरकत नसेल तर त्याच्या वर्गात दिव्यांगत्वाबद्दल एक तास घ्यायला सांगा, त्याचं नाव न घेता.

११. दोघांना एकाच शाळेत घातलं तर सोपं जाईल ना?

तुम्हाला सोपं जाईल. त्याला कसं जाईल ते त्यालाच विचारा. काही भावंडांना आवडतं, काहींना शाळा ही अशी एकमेव जागा वाटते जिथे आपण "त्याचा भाऊ" नसतो.

एकाच शाळेत असतील तर प्राचार्यांशी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या: मोठा रडला म्हणून धाकट्याला वर्गातून बोलवायचं नाही. हे फार शाळांत सर्रास चालतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थेने अशा विद्यार्थ्याला आवश्यक ती मदत पुरवायची असते. ते काम तिसरीतल्या भावंडाचं नाही.

१२. मैत्रिणींना घरी आणायला लाजते. हे वाईट वाटून घ्यायचं का?

वाटेल, पण तिला बोलून दाखवू नका. दहाव्या-बाराव्या वर्षी मुलांना आईच्या साडीचीसुद्धा लाज वाटते. तिला विचारा, येण्याआधी मैत्रिणींना काय सांगायचं? तू सांगशील की मी? वाढदिवस एखाद्या वर्षी दादाशिवाय बाहेर झाला तरी चालेल. घरचा केक संध्याकाळी सगळ्यांनी मिळून कापा.

१३. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ), लग्न-मुंजी: मोठ्याला गर्दी सहन होत नाही म्हणून आम्ही कुठेच जात नाही. बरोबर आहे का?

"सगळे जाऊ नाहीतर कोणीच नाही" हा नियम सोडून द्या. झांक्यांच्या रात्री एक पालक घरी, दुसरा धाकटीला खांद्यावर घेऊन राजवाड्याकडे; पुढच्या वर्षी उलट. मुंजीला दोन गाड्यांनी जा, म्हणजे त्याला त्रास झाला तर एकजण त्याला घेऊन परतेल आणि धाकटी पंगतीत बसेल. सानंद या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला दोघींनी जा. काही गोष्टी सगळ्यांनी मिळूनही करा, त्याला झेपतील अशा: पहाटेचं अन्नपूर्णेचं दर्शन, रिकाम्या बागेतला झोपाळा.

नातेवाईक विचारतील, "त्याला का नाही आणलं?" "त्याला आवाजाचा त्रास होतो, तो घरी मजेत आहे" एवढं पुरे.

१४. धाकटी आता वाचायला लागली, मोठा अजून नाही. तिचं कौतुक मोठ्यासमोर करावं का?

करा, मनमोकळं करा. कौतुक लपवलं की तिला वाटतं आपण पुढे जाणं म्हणजे भावाशी दगा करणं आहे. ही टोचणी मोठेपणीही जात नाही. काहीजण चांगली नोकरी, परगावची संधी याच भावनेने सोडतात. मोठ्याचंही कौतुक करा, त्याच्या पायरीवरचं: आज शर्टाचं बटण स्वतः लावलं. फक्त एकाच वाक्यात दोघांना बसवू नका.

आणि तिला कमी गुण मिळाले तर "तुझ्यावरच तर आमची सगळी आशा" हे वाक्य टाळा.

१५. मोठ्याला थॅलेसेमिया आहे, धाकटीचा बोनमॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) जुळला. तिला काय सांगायचं?

थॅलेसेमियाही २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात २०१८ मध्ये बोनमॅरो ट्रान्सप्लांट सुरू झाल्यापासून हा प्रश्न इथल्या घरांतून येऊ लागला. सख्ख्या भावंडाचा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळे जुळला की घरात आनंदीआनंद होतो, आणि त्या आनंदात सहा वर्षांच्या मुलीला विचारायचंच राहतं.

तिला खरं सांगा. भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतील, तुला त्या वेळी कळणार नाही, नंतर काही दिवस दुखेल, आणि शरीर तो काही आठवड्यांत पुन्हा तयार करतं. तिला समजावून सांगणारा डॉक्टर भावावर उपचार करणारा नसावा, असं सुचवते. तिचे प्रश्न फक्त तिच्या बाजूने ऐकणारं कोणी हवं. दवाखान्यात तिच्या पलंगापाशीही एक माणूस बसलेलं असू दे.

सगळ्यांत महत्त्वाचं आधीच सांगून ठेवा: "दादाला बरं वाटेल की नाही हे डॉक्टरांच्या औषधांवर आणि दादाच्या शरीरावर आहे. तुझा मॅरो चांगलाच आहे." ट्रान्सप्लांट यशस्वी झालं नाही, तर हे वाक्य पुन्हा सांगावं लागेल. यशस्वी झालं तर "तू भावाला जीवदान दिलंस" हे दर समारंभात ऐकवू नका. तेही ओझं होतं.

१६. आमच्यानंतर काय? भावंडाला कायदेशीर पालक करावं लागेल का?

आपोआप काहीच होत नाही, आणि भावंडावर सक्तीही नाही. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत तुम्ही पालक आहातच. त्यानंतर ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) अधिनियम १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीत जिल्हाधिकारी असतात. आई, वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था यांपैकी कोणाची नेमणूक होऊ शकते, त्यामुळे भाऊ नसला तर रस्ताच नाही असं नाही. इतर दिव्यांगत्वांसाठी २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात निर्णय त्या व्यक्तीशी बोलून घ्यायचे असतात.

आजच करण्यासारखं: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), वरच्या चार गटांत बसत असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना (वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत), मृत्युपत्र, आणि शक्य असेल तर मुलाच्या नावे खासगी न्यास (ट्रस्ट). दिनक्रम, औषधं, आवडीनिवडी, काय केलं की तो शांत होतो, हे सगळं एका वहीत लिहा.

भावंड चौदा-पंधराचं झालं की ही फाइल कुठे आहे ते त्याला दाखवा. त्याचं मत विचारा, वचन मागू नका. "मी दूर राहीन, पण पैशांचं बघेन" हेही चांगलं उत्तर आहे. "मला नाही जमणार" हेही ऐकून घ्या.

१७. समुपदेशकाकडे कधी न्यायचं?

पुढच्यापैकी काही दोन-तीन आठवडे टिकलं तर: कारण न सापडणारी पोटदुखी किंवा डोकेदुखी, झोप उडणं, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येणं, मित्र तोडणं, अभ्यास एकदम घसरणं, किंवा चूक झाली की स्वतःला शिक्षा करणं. मरण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास आहे, भारतीय भाषांत बोलता येतं. एखादं मूल घरी मार खात असेल किंवा संकटात असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

लहान मूल भावाची नक्कल करू लागलं, थेरपीला मलाही न्या म्हणू लागलं, तर एवढ्यावरून घाबरू नका. तिथे लक्ष मिळतं, हे त्याने ओळखलंय. प्रश्न ५ पासून सुरुवात करा.

१८. अशा भावंडांचा गट आपल्याकडे सुरू करता येईल का?

येईल, आणि फार मोठी तयारी लागत नाही. अमेरिकेत डॉन मेयर यांनी १९८० च्या दशकात "सिबशॉप" नावाने अशा बैठका सुरू केल्या. त्यांत खेळ जास्त आणि गप्पा मध्येमध्ये, हे सूत्र आहे, आणि ते आपल्याकडेही चालण्यासारखं आहे. आठ ते तेरा वर्षांची आठ-दहा मुलं, दोन मोठी माणसं (त्या मुलांपैकी कोणाचे आईवडील नकोत), महिन्यातून एक रविवार, दोन-अडीच तास. महाराष्ट्र मंडळाची खोली, शाळेचा वर्ग, कोणाची गच्ची, काहीही चालेल. खो-खो, लंगडी, मग खाणं, मग एखादी चिठ्ठी: "घरातली एक गोष्ट जी माझ्या वर्गातल्या कोणालाच कळणार नाही." ज्याला वाचायची आहे त्याने वाचावी.

तिथे बोललेलं पालकांना सांगायचं नाही, मुलाच्या जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. आणि परत आल्यावर "काय काय बोललास?" असं विचारू नका. "मजा आली का?" एवढंच.

१९. आम्हाला एकच मुलगा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. सगळे म्हणतात, "त्याला आधार म्हणून दुसरं होऊ द्या." काय करावं?

हा प्रश्न इतक्या घरांतून येतो, आणि विचारताना आई बहुतेक वेळा आवाज खाली आणते. दुसरं मूल हवं असेल, तुमच्या दोघांच्या मनात त्याच्यासाठी जागा असेल, शरीराला आणि घरखर्चाला झेपणार असेल, तर जरूर होऊ द्या. फक्त "आधार" या एका कारणासाठी नको. त्या बाळाला जन्माआधीच काम नेमून दिल्यासारखं होतं, आणि तो आधार मिळेलच याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. मोठ्याची सोय दुसऱ्या मार्गांनी करता येते, ती प्रश्न १६ मध्ये आहे.

निर्णयाआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना मोठ्याच्या जन्माची फाइल दाखवा, आणि निदान आनुवंशिक असण्याची शक्यता असेल तर जेनेटिक काउन्सेलरला भेटा. दुसरं मूल नको असं ठरलं तर त्यासाठी कोणाची माफी मागायची गरज नाही. आणि दुसरं मूल आधीच झालेलं असून नातेवाईक त्याच्यादेखत "तुला दादासाठीच आणलंय" म्हणत असतील, तर ते त्याच दिवशी थांबवा. कसं ते प्रश्न ६ मध्ये लिहिलं आहे.